जोड कार्बोरेटरचा तोल: आधी हवा, मग पेट्रोल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडिलांच्या वेळची १९६६ ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ग्वाल्हेरला घरी आहे, इंजिन मूळचेच १७९८ सीसीचे आणि त्यावर एसयू कंपनीचे, हवेत पेट्रोल मिसळून देणारे दोन कार्बोरेटर. सकाळी चोक ओढून गाडी सुरळीत चालते, पण इंजिन तापले की आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसते चालू असताना, लंगडते. ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर क्षणभर गुदमरते आणि मग धावू लागते. पुढच्या दोन सिलिंडरांचे प्लग काळे निघतात, मागच्या दोघांचे पांढरट. मिस्त्रींनी तीन वेळा ट्यूनिंग केले, दर वेळी आठवडाभर बरे वाटले आणि पुन्हा मूळपदावर. आता व्हॅक्यूम गेज विकत घेऊन दोन्ही कार्बोरेटर घरी बॅलन्स, म्हणजे एकसारखे, करता येतील का, की सरळ दुरुस्तीची दोन किट मागवावीत, असे तुम्ही विचारले आहे.

घरी नक्की करता येतील आणि त्यासाठी गेजही लागणार नाही. मात्र तुमच्या वर्णनात तीन वेगवेगळे दोष एकमेकांत मिसळलेले आहेत आणि बॅलन्स करून त्यांतला फार तर एक जाईल. इंदूरला गेली ३१ वर्षे मी जुन्या गाड्यांचेच काम करतो. जोड कार्बोरेटरच्या ज्या गाड्या माझ्याकडे "बॅलन्स होत नाही" म्हणून येतात, त्यांतल्या बहुतेकींचा खरा दोष कार्बोरेटरच्या स्क्रूपासून लांब कुठेतरी असतो. म्हणून बॅलन्स सर्वांत शेवटी करायचा आणि करताना आधी हवा सारखी करून मगच पेट्रोलला हात लावायचा. हा क्रम मोडला की आठवडाभरच टिकणारे ट्यूनिंग हाती येते.

याचे कारण कळण्यासाठी एसयूची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. यात हवेच्या वाटेवर एक पिस्टन अधांतरी तरंगत असतो. इंजिनाने जितकी हवा ओढली तितका तो वर उचलला जातो आणि त्याच्या पोटाला लावलेली निमुळती नीडल (सुई) जेटमधून, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकातून, तितकीच बाहेर येते. जेट एकच असतो. आयडलिंगला, चढावर आणि सुसाट पळतानाही पेट्रोल त्याच जेटमधून येते. तुमच्या मिस्त्रींचा हात ॲम्बेसेडरवर बसलेला असणार. तिचे १४८९ सीसीचे इंजिन तुमच्या इंजिनाच्याच बीएमसी बी-सिरीज घराण्यातले असल्यामुळे टॅपेट (व्हॉल्वची फट) आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) ते चांगले करतील. परंतु ॲम्बेसेडरवर एकच सोलेक्स कार्बोरेटर असतो आणि त्याचा मिक्श्चर (हवा-पेट्रोलचे मिश्रण) ठरवणारा स्क्रू फक्त आयडलिंगपुरता असतो, तो अर्धा फेरा इकडेतिकडे झाला तरी रस्त्यावर फरक जाणवत नाही. एसयूवर जेटखालचा नट फिरवला की सगळ्या वेगांवरचे मिक्श्चर बदलते. आयडलिंग सुधारावे म्हणून पुढच्या कार्बोरेटरचा नट खाली खाली नेला गेला असेल, तर तुमचे पुढचे दोन प्लग काळे का निघतात याचे उत्तर तिथेच मिळते, कारण एमजीबीत पुढचा कार्बोरेटर १ आणि २ या सिलिंडरांना आणि मागचा ३ आणि ४ यांना पेट्रोल देतो.

मी गाडी ऐकलेली नाही, त्यामुळे पुढचे बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे. इंजिन आतून कितपत शाबूत आहे, कार्बोरेटरच्या बॉडी किती झिजल्या आहेत आणि मधल्या काळात कोणी कोणते सुटे भाग बसवले, या तीन गोष्टींवर उत्तर बदलू शकते. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) एकदा मोजून घ्या. एखादे बाकीच्यांपेक्षा बरेच कमी असेल तर कार्बोरेटर कितीही नीट लावले तरी इंजिन लंगडणारच, आणि त्याचा इलाज वेगळा.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर कार्बोरेटरला हात न लावता टॅपेट आणि इग्निशन पाहा. टॅपेट इंजिन थंड असताना ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी ठेवावेत. पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या स्विचची) फट ०.३५ ते ०.४० मिमी आणि प्लगची फट सुमारे ०.६३ मिमी असावी. मग टायमिंग पुस्तकाप्रमाणे लावावे. इथे एक सावधगिरी हवी. १९६६ च्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. टायमिंग लाइट किंवा डिजिटल आरपीएम मीटर नेहमीच्या सवयीने जोडले तर उपकरण जळू शकते. इग्निशनवर मी इतका भर देतो याला कारण आहे. उमेदवारीच्या दिवसांत जोड एसयूच्या एका गाडीवर मी पूर्ण दिवस जेटचे नट फिरवत बसलो होतो आणि संध्याकाळी कळले की डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर तापला की साथ सोडत होता. दिवसभरात मी दोन्ही नट मूळ जागेवरून इतके हलवले होते की कंडेन्सर बदलल्यावरही गाडी पूर्ववत करायला आणखी अर्धा दिवस गेला.

यानंतर चोरवाटेने आत येणारी हवा शोधायची. मागचे दोन प्लग पांढरट आहेत, म्हणजे त्या बाजूचे मिक्श्चर पातळ आहे. आणि चोक ओढला की इंजिन बरे चालते, ही याच संशयाला पुष्टी देणारी खूण आहे. सर्वांत आधी बटरफ्लायचा, म्हणजे हवेची वाट उघडबंद करणाऱ्या चकतीचा, स्पिंडल (दांडी) पाहा. इंजिन बंद ठेवून स्पिंडलचे टोक चिमटीत धरा आणि वरखाली हलवा. हाताला खडखड जाणवली तर स्पिंडलचे भोक लांबट झाले आहे आणि तिथून हवा आत जाते. खात्री करायची असेल तर इंजिन आयडलिंगला ठेवून तेलदाणीने स्पिंडलच्या दोन्ही टोकांशी इंजिन ऑइलचे दोन-दोन थेंब सोडा. थेंब आत ओढले जातील, क्षणभर फट बुजेल आणि तेवढ्यापुरता इंजिनाचा आवाज बदलेल. काही जण यासाठी कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. पण कार्बोरेटरच्या बरोबर खाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो आणि तो फवारा ज्वालाग्राही असतो, म्हणून मी तसे करत नाही आणि तुम्हीही करू नये.

तुमच्या सालच्या गाडीत इनलेट मॅनिफोल्डवर, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या वाटेवर, छत्रीसारखा गोल झाकणाचा एक व्हॉल्व असायला हवा, क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पेटीतली) वाफ तो इंजिनात परत ओढतो. त्याच्या आत रबराचा पडदा असतो आणि इतक्या वर्षांत तो चिरलेला असण्याची शक्यता दांडगी आहे. इंजिन गरम असताना, आयडलिंगला, ऑइल भरायचे झाकण काढून पाहा. व्हॉल्व ठीक असेल तर इंजिनाचा वेग साधारण २०० आरपीएमने वाढतो. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व उघडून पडदा उजेडात धरा आणि बोटांनी हलकेच ताणा, चीर तेव्हाच दिसते. व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या (ठिणगीची वेळ आपोआप बदलणाऱ्या भागाच्या) बारीक नळीची दोन्ही टोकेही अशीच तपासा. धातूची नळी चांगली असते, पण टोकाचा रबरी तुकडा वाळून फाटलेला असतो आणि वरून तो धडधाकट दिसतो.

आता कार्बोरेटर उघडायला हरकत नाही. सर्वप्रथम पुढच्या आणि मागच्या भागांवर खूण करा. वरचे घुमटासारखे भांडे आणि त्यातला पिस्टन यांची जोडी कारखान्यात जुळवून दिलेली असते, पुढच्या भांड्यात मागचा पिस्टन गेला की तोल कायमचा बिघडतो. फिल्टर काढून प्रत्येक पिस्टन बोटाने पूर्ण वर उचला आणि सोडा. तळाशी टेकताना "टक" असा स्पष्ट आवाज दोन्हीकडून सारखा यायला हवा. आवाज दबका आला किंवा पिस्टन अडखळत उतरला तर नीडल जेटच्या कडेला घासते आहे आणि जेट मध्यावर आणावा लागेल. त्यासाठी जेटचा मोठा लॉक नट किंचित सैल करावा, जेट वर दाबून धरावा, पिस्टन हलक्या हाताने पूर्ण खाली टेकवावा आणि त्याच स्थितीत नट आवळावा. हे एकदोन वेळा फिरून करावे लागते, पण एकदा जमले की वर्षानुवर्षे पाहावे लागत नाही.

नीडल मात्र बाहेर काढून पाहाच. तिच्या जाड टोकावर बारीक अक्षरांत नंबर कोरलेला असतो. तो भिंगाखाली वाचावा लागतो, कधी पेट्रोलच्या बोळ्याने पुसल्याखेरीज दिसतही नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अगदी तुमच्यासारखीच तक्रार घेऊन एक गाडी आली होती. तीन ठिकाणी ट्यूनिंग झालेले, प्लग दोन काळे आणि दोन पांढरे. पिस्टन काढले तेव्हा दिसले की एका गॅरेजमध्ये हाताशी होती ती नीडल एका बाजूला बसवून दिली होती आणि दोन नीडलचे नंबर वेगळे होते. आयडलिंगला त्या गाडीचा तोल कसाबसा साधता येत असे, कारण वरच्या भागात दोन्ही नीडल जवळपास सारख्याच जाड होत्या. रेस दिली की एक बाजू भरमसाट पेट्रोल घेई आणि दुसरी उपाशी राही. मालक ती गाडी विकायला निघाले होते. सारख्या नंबरची जोडी बसवल्यावर ती एका दुपारी मार्गावर आली आणि ते स्वतः चालवत तिला महूपर्यंत नेऊन आले. नीडल परत बसवताना तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी अगदी समपातळीत येईल, इकडे मी विशेष लक्ष देतो. एक बाजू केसभर खाली राहिली तरी दोन्ही जेट सारखे ठेवण्याला अर्थ उरत नाही.

फ्लोटची, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या टाकीत पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची, पातळी पाहण्यासाठी त्या टाकीचे झाकण उलटे धरावे, नीडल व्हॉल्व बंद असावा आणि फ्लोट व झाकण यांच्या मध्ये १/८ इंची, सुमारे ३ मिमीचा, ड्रिल बिट जेमतेम मावावा. दोन्हीकडे तेच माप ठेवावे.

आणि आता तुमचे गुदमरणे. एसयूला ॲक्सिलरेटर पंप नसतो. एकदम रेस दिल्यावर इंजिनाला क्षणभर जास्त पेट्रोल हवे असते आणि ते काम भांड्याच्या मधोमध असलेला डॅम्पर करतो. त्यातले ऑइल पिस्टनला झटकन वर जाऊ देत नाही, त्यामुळे जेटवरची ओढ वाढते आणि तेवढ्यापुरते मिक्श्चर घट्ट होते. ऑइल संपले असेल तर पिस्टन उडी मारतो, हवा आधी येते, पेट्रोल मागाहून, आणि गाडी गुदमरते. वरची काळी टोपी उघडा, २० ग्रेडचे ऑइल घाला आणि डॅम्पर हळू खाली सोडा. टोपीचे आटे लागायच्या सुमारे अर्धा इंच आधी हाताला रोध जाणवला म्हणजे ऑइल पुरेसे आहे. गिअर ऑइलसारखे जाड ऑइल घालू नका, त्याने पिस्टन सुस्त होतो आणि प्रत्येक रेसला धूर निघतो. तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी ही एक केवळ या दोन मिनिटांच्या कामाने जाईल, असा माझा अंदाज आहे.

हे सगळे झाले की मग बॅलन्स. गाडी उघड्यावर उभी करा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आग विझवण्याचे सिलिंडर हाताशी आणि बाहीचे टोक पंख्यापासून लांब. इंजिन चालवून पूर्ण तापवून घ्या आणि बंद करा. भांडी आणि पिस्टन पुन्हा काढून दोन्ही जेट पुलाच्या, म्हणजे जेट ज्यात बसतो त्या उंचवट्याच्या, पृष्ठभागाशी समपातळीत आणा, म्हणजे नखाला कड लागत नाही अशा स्थितीत. तेथून प्रत्येक नट दोन पूर्ण फेरे खाली न्या. नटाला सहा पैलू असतात, म्हणजे बारा पैलू. दोन्ही स्पिंडलना जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल करा, चोकच्या दांड्याचेही. हे सैल न करता स्क्रू फिरवणे ही मला सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. दांडा आवळलेला असला की एका बटरफ्लायचा स्क्रू फिरवताना दुसराही हलतो आणि माणूस तासभर स्वतःच्याच हातांशी भांडत बसतो. मग दोन्ही थ्रॉटल स्क्रू (बटरफ्लाय किती उघडा राहील ते ठरवणारे) जेमतेम टेकेपर्यंत सैल सोडून प्रत्येकी एक फेरा आत घ्या.

इंजिन सुरू करा. अर्ध्या इंची रबरी नळीचा दोनेक फूट लांबीचा तुकडा घ्या, एक टोक कानाशी आणि दुसरे पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरा. हवेची फूस ऐकू येईल. तेच टोक मागच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी नेमके त्याच जागी आणि त्याच कोनात न्या. जागा बोटभर हलली तरी आवाजाचा सूर बदलतो, त्यामुळे नळीवर पेनाने खूण करून ती कार्बोरेटरच्या कडेला टेकवण्याची मला सवय आहे. जिथे फूस मोठी तिथला स्क्रू किंचित सैल करा, जिथे बारीक तिथला किंचित आवळा. दोन्ही आवाज सारखे झाल्यावर दोन्ही स्क्रू सारखेच फिरवून वेग ७०० ते ८०० आरपीएमच्या आसपास आणा. पहिल्या वेळी दोन आवाजांतला फरक ओळखू येत नाही, पाचव्या-सहाव्या वेळी कान तयार होतो. कार्बोरेटरच्या तोंडावर धरायचे हवा मोजण्याचे साधन मिळाले तर जरूर घ्या, काम झटपट होते. मॅनिफोल्डला जोडायच्या एकाच व्हॅक्यूम गेजचा मात्र या गाडीत फारसा उपयोग नाही, कारण दोन्ही बाजूंना जोडणारी बॅलन्सची नळी मॅनिफोल्डमध्येच आहे आणि काटा दोघांचा मिळून एकच आकडा दाखवतो.

हवा सारखी झाली की पेट्रोलची पाळी येते. पिस्टन उचलण्यासाठी भांड्याच्या कडेखाली एक छोटी पिन असते. ती वर दाबून पिस्टन जेमतेम ०.८ मिमी, म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन-तीन जाड्यांइतका, उचला. इंजिनाचा वेग वाढून तसाच टिकून राहिला तर त्या बाजूचे मिक्श्चर घट्ट आहे, नट एक पैलू वर न्या. वेग पडला किंवा इंजिन बंद पडू लागले तर पातळ आहे, एक पैलू खाली न्या. वेग क्षणभर अगदी थोडा वाढून पुन्हा जागेवर आला की ती बाजू बरोबर लागली. एका वेळी एकच पैलू फिरवा आणि प्रत्येक वेळी क्षणभर २००० आरपीएमपर्यंत रेस देऊन इंजिन मोकळे होऊ द्या. दोन्ही कार्बोरेटर एकाच मॅनिफोल्डवर असल्यामुळे एकाचे मिक्श्चर बदलले की दुसऱ्याचेही थोडे सरकते, म्हणून पुढचा, मागचा, पुन्हा पुढचा अशा दोनतीन फेऱ्या कराव्या लागतात. शेवटी नळीने हवा परत ऐकून घ्यावी.

क्लॅम्प आवळताना घाई करू नये. बटरफ्लाय उघडणाऱ्या पिना दुबेळक्यात असतात आणि त्यांना सुमारे ०.३० मिमीचा मोकळेपणा लागतो. फीलर गेजचे पान मध्ये धरून दोन्ही क्लॅम्प आवळले म्हणजे बटरफ्लाय एकाच क्षणी उघडू लागतात. आवळल्यावर वेग १५०० आरपीएमवर धरून नळीने पुन्हा ऐका. आयडलिंगला तोल बरोबर आणि इथे बिघडलेला असेल तर दोष जोडणीत आहे, स्क्रूंना हात लावू नका.

मग रस्त्यावर न्या. प्लगचा रंग घरी उभ्या गाडीत पाहून काही कळत नाही. पाचसहा किलोमीटर चांगल्या वेगाने चालवून, क्लच दाबून आणि इग्निशन बंद करून गाडी कडेला मोकळ्या जागी थांबवा आणि प्लग काढून पाहा. हे मोकळ्या रस्त्यावरच करावे. चारही प्लग एकमेकांसारखे असणे मला रंगापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते, कारण आजच्या पेट्रोलवर प्लग पूर्वीसारखे बदामी होत नाहीत, फिकेच राहतात.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. पूर्ण ज्वलनासाठी नुसत्या पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला सुमारे ९ पट, त्यामुळे जुन्या मापाने लावलेला कार्बोरेटर या पेट्रोलवर पातळ चालतो. मी बारा पैलूंपासूनच सुरुवात करतो, पण या पेट्रोलवर बहुतेक गाड्यांचे जेट शेवटी एकदोन पैलू आणखी खाली जाऊन थांबतात. जुन्या रबरी नळ्या, गॅस्केट आणि फ्लोटचा व्हॉल्व यांवरही इथेनॉलचा परिणाम होतो, तेव्हा नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नका. ऋतूचाही फरक पडतो. गरम हवा विरळ असते, म्हणून ग्वाल्हेरच्या मे महिन्यातल्या दुपारी बरोबर लावलेली गाडी जानेवारीच्या सकाळी थोडी पातळ चालेल. मी स्वतः वर्षाचा मध्य म्हणून दिवाळीनंतरचे दिवस निवडतो आणि वर्षभर तेच ठेवतो.

किटबद्दल बोलायचे तर आधी मागवू नका. तेलाच्या थेंबांनी इंजिनाचा आवाज बदलला तर किटमधल्या गॅस्केटनी काहीही होणार नाही, कार्बोरेटरच्या बॉडी एखाद्या चांगल्या खरादीकडे देऊन नवे बुश आणि स्पिंडल बसवावे लागतील. आवाज बदलला नाही, व्हॉल्वचा पडदा शाबूत निघाला आणि दोन्ही नीडलचे नंबर सारखे असले, तर तुम्हाला बहुधा डॅम्परचे ऑइल आणि एक निवांत सकाळ एवढेच पुरेल. दोन्ही नीडल काढल्यावर त्यांचे नंबर आणि तेलाच्या थेंबांचा परिणाम तेवढा इथे लिहा, म्हणजे पुढे कोणत्या बाजूने जायचे ते मी नेमके सांगू शकेन.